सातासमुद्रापलीकडचा पोथीवाला



आपल्या बिबीच्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. या स्मरणिकेत मागच्या पिढ्यांच्या विणेकऱ्यांची, टाळकऱ्यांची, डोक्यावर तुळस घेऊन अनवाणी चाललेल्या मायमाउल्यांची आठवण निघेल, आणि ती निघालीच पाहिजे. मी मात्र आज अशा एका माणसाचं चरित्र सांगणार आहे, जो आपल्या दिंडीत कधी चालला नाही. त्याच्या गळ्यात माळ नव्हती. तो जातीनं, धर्मानं, देशानं आपला नव्हता. तरी आपल्या संतांच्या पोथ्या जमवायच्या, वाचायच्या आणि जगाला वाचून दाखवायच्या, या एकाच नादात त्याचं म्हातारपण सरलं.

त्यांचं नाव जस्टिन एडवर्ड्स ॲबट. अमेरिकेतले पाद्री. अभ्यासक मंडळींत हे नाव मोठं आहे, पण आपल्या फडावर ते क्वचितच निघतं. म्हणून हे चरित्र.

आता कोणी म्हणेल, बुवा, वारकऱ्यांच्या स्मरणिकेत पाद्र्याचं काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर चरित्र सांगून झाल्यावर देतो. आधी माणूस कसा होता ते ऐका.

नगर जिल्ह्यातलं बालपण

अमेरिकन मराठी मिशन ही संस्था १८१३ साली मुंबईत आली. शाळा काढणं, छापखाना चालवणं आणि आपल्या धर्माचा प्रचार करणं हे तिचं काम. तिच्या छापखान्याचा एक लाभ मराठीला असा झाला, की निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी लहानपणी तिथंच कामाला होते आणि खिळ्यांची विद्या तिथंच शिकले. पुढं त्याच निर्णयसागराच्या पोथ्या महाराष्ट्रात घरोघर गेल्या.

या मिशनचे एक पाद्री होते आमोस ॲबट. १८३४ साली ते पहिल्यांदा इकडं आले आणि नगर भागात त्यांनी काम केलं. मधे काही वर्षं ते मायदेशी होते. त्या काळात, २५ डिसेंबर १८५३ रोजी, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतात त्यांना मुलगा झाला. तोच आपला जस्टिन. १८५७ साली आमोस ॲबट बायकापोरांसह परत हिंदुस्थानात आले, तेव्हा जस्टिन चार वर्षांचाही पुरा नव्हता.

पुढची बारा वर्षं हे लेकरू मराठी मुलखात वाढलं. चौथ्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत! माणसाच्या कानात भाषा मुरते ती याच वयात. पेठेत मराठी, शाळेत मराठी, भोवतीच्या माणसांच्या तोंडी मराठी. नगर जिल्हा म्हणजे काय साधी भूमी आहे? नेवाशाला माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. श्रीगोंद्याला शेख महंमदबाबा होऊन गेले. आणि राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादला महिपतीबाबांनी संतांची चरित्रं लिहिली. ज्या पोथ्यांनी या माणसाला म्हातारपणी झपाटलं, त्यातल्या बहुतेक त्याच जिल्ह्यातल्या एका गावात लिहिल्या गेलेल्या होत्या. लहानपणी त्याला त्याची कल्पना कुठून असणार?

१८६९ साली आईबापांबरोबर तो अमेरिकेला परत गेला. डार्टमथ कॉलेजातून १८७६ साली पदवी घेतली, मग पाद्र्याचं शिक्षण घेतलं, आणि १८८१ साली बापाच्याच मिशनमध्ये दाखल होऊन मुंबईला आला. १९१० पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, मुंबई हेच त्याचं ठिकाण.

जुन्याचा नाद

मुंबईतल्या ॲबटसाहेबांना मिशनच्या कामाबरोबर दुसराही एक नाद लागला होता. जुनं काही दिसलं की ते थांबायचे. ताम्रपट, शिलालेख, जुनी नाणी वाचायचे आणि त्यावर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहायचे. १८९० साली आजच्या रायगड जिल्ह्यातल्या सुधागड तालुक्यात, नाडसूर गावाजवळच्या डोंगरात असलेली लेणी त्यांनी पाहिली आणि अभ्यासकांच्या नजरेस आणून दिली. आज त्यांना ठाणाळे लेणी म्हणतात. आजूबाजूच्या गुराख्यांना ती ठाऊक असणारच, पण बाहेरच्या जगाला ती या पाद्रीबाबामुळं कळली.

नाणी आणि ताम्रपट जमवणारे गोरे साहेब तेव्हा पुष्कळ होते. ॲबट त्यांच्यापेक्षा वेगळे पडले ते पोथ्यांपायी. संतांच्या छापील पोथ्या, हातानं लिहिलेली बाडं, संतांच्या ठिकाणांची माहिती, असं त्यांचं जमवणं सुरू झालं. साहेबाला संस्कृतचा सोस असायचा. वेद, उपनिषदं, गीता यांच्याकडं त्याचा ओढा. मराठी ओवी म्हणजे अडाण्यांची भाषा, असं मानणारे आपल्यातही काही कमी नव्हते. ॲबटसाहेबांनी मात्र ओवीलाच हात घातला. आईबाया जात्यावर आणि बुवा फडावर ज्या भाषेत बोलतात, त्या भाषेत देवाचं काय सांगितलंय, हे त्यांना पाहायचं होतं.

त्या काळात पोथी मिळवणं किती अवघड होतं, हे आज छापील गाथा सहज विकत घेणाऱ्याला कळायचं नाही. पोथी लाल खारव्याच्या बासनात, देवघरात. घरचा धनी ती बाहेरच्याला दाखवायला तयार नसे. दाखवली तरी हात लावू देत नसे. उतरून घ्यायची तर तिथंच बसून उतरा. त्याच काळात इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरत होते. बीडजवळच्या पाटांगणला त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत मिळाली, ती त्यांनी १९०९ साली छापून काढली. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे मिठाचा व्यापार सांभाळून जुनी मराठी पोथी शोधत होते. धुळ्याचे शंकरराव देव रामदासी मठ पालथे घालत होते. त्याच्याही आधी, १८६९ साली, सरकारच्या चोवीस हजार रुपयांच्या मदतीनं तुकोबारायांची गाथा छापली गेली होती. तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या वह्या ताडून पाहिल्या होत्या. असा तो सगळा काळच पोथ्या वाचवण्याचा होता. ॲबटसाहेब त्या काळातलेच, फक्त घर वेगळं.

सत्तरीनंतरचं काम

१९१० साली ॲबट मिशनच्या कामातून मोकळे झाले आणि अमेरिकेला गेले. न्यू जर्सी प्रांतात समिट नावाचं गाव आहे, तिथं राहिले. आता माणूस साठीकडं झुकला की काय करतो? बागबगीचा, नातवंडं, देवधर्म. नोकरीत जमवलेलं मग कपाटात धूळ खातं. यांनी उलट केलं. आयुष्यभर जमवलेल्या पोथ्या त्यांनी आता खऱ्या अर्थानं उघडल्या.

त्यांना वाटलं, तुकाराम, एकनाथ, नामदेव ही नावं मराठी माणसाला श्वासासारखी आहेत. पण बाहेरचं जग त्यांना ओळखत नाही. ओळखायचं तर त्यांची चरित्रं त्यांच्याच माणसानं सांगितलेली, जशीच्या तशी वाचायला मिळाली पाहिजेत. म्हणून त्यांनी महाराष्ट्राच्या संतकवींची एक इंग्रजी ग्रंथमाला सुरू केली. पुण्याचे पंडित नरहर गोडबोले त्यांचे या कामातले सोबती. एक अमेरिकेत, एक पुण्यात; मधे बोटीची वाट. पुस्तकं छापली जायची पुण्यात, स्कॉटिश मिशनच्या छापखान्यात.

पहिलं पुस्तक निघालं १९२६ साली, भानुदासांचं. विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरीला परत आणणारे ते भानुदास, नाथांचे पणजोबा. तेव्हा ॲबटसाहेबांचं वय बहात्तर होतं.

माउली, जरा इथं थांबा. शंभर वर्षांपूर्वी आपले आजे-पणजे बिबीतून भाकरी बांधून, टाळ-वीणा घेऊन पंढरीच्या वाटेला लागले, तो हाच सुमार. त्याच दिवसांत सातासमुद्रापलीकडं एक बहात्तर वर्षांचा म्हातारा पंढरीच्या मूर्तीची गोष्ट ओवी-ओवीनं परक्या भाषेत उतरवत होता. इकडच्यांना तिकडचा माहीत नाही, तिकडच्याला इकडचे माहीत नाहीत. दोघांचं तोंड मात्र एकाच विटेकडं.

पुढं एकामागून एक पुस्तकं येतच राहिली. १९२७ साली एकनाथ. मग भिक्षुगीत, म्हणजे नाथ भागवताचा तेविसावा अध्याय. अवंतीचा तो कवडीचुंबक ब्राह्मण, ज्याचं धन गेलं, सोयरे गेले, लोकांनी छळलं, आणि शेवटी त्याला कळलं की सुखदुःख देणारं आपलंच मन आहे. एवढ्या मोठ्या एकनाथी भागवतातून साहेबांनी नेमका हा अध्याय निवडला, यावरून त्यांची नजर कळते. मग दासोपंत दिगंबर. अंबाजोगाईच्या या संताबद्दल त्यांनी १९२२ सालीच अमेरिकेतल्या विद्वानांच्या पत्रिकेत लेख लिहिला होता. कागद पुरला नाही म्हणून कापडाच्या लांबच लांब पासोडीवर लिहिणारे दासोपंत! अंबाजोगाई काय आपल्याला लांब नाही, पण आपल्यातल्या किती जणांनी ती पासोडी पाहिलीय?

१९२९ साली संत बहिणाबाई. हे पुस्तक म्हणजे ॲबटसाहेबांच्या कामाचा कळस, असं माझं मत आहे. बहिणाबाई वेरूळजवळच्या देवगावच्या. लहान वयात वयस्क बिजवराशी लग्न झालं. कोल्हापूरला जयरामस्वामींचं कीर्तन ऐकलं. तिथंच त्या वासराचा प्रसंग घडला. तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला. ब्राह्मणाच्या बाईनं कुणब्याला गुरू केलं म्हणून नवऱ्यानं मारलं, लोकांनी टोचलं. तरी ती डगमगली नाही, आणि देहूला जाऊन तुकोबांचं दर्शन घेतलंच. हे सगळं तिनं स्वतःच्या तोंडानं अभंगात सांगून ठेवलंय. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका मराठी बाईनं आपली जीवनकहाणी आपणच सांगावी, हे केवढं मोठं काम! ॲबटसाहेबांनी ती कहाणी आणि अभंग इंग्रजीत नेले. १९८५ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठानं ते पुस्तक पुन्हा छापलं. बायकांच्या जगण्याचा अभ्यास करणारे कुठले कुठले लोक आज बहिणाबाईंना वाचतात, त्याच्या मुळाशी हा पाद्री आहे.

त्याच साली त्यांनी स्तोत्रमाला काढली, ज्ञानोबांपासून महिपतीबाबांपर्यंतच्या संतांच्या प्रार्थनांची. १९३० साली तुकाराम. १९३२ साली रामदास.

महिपतीबाबा आणि ॲबटसाहेब

या पुस्तकांचा मोठा भाग एकाच खाणीतला आहे, महिपतीबाबांच्या पोथ्यांतला. म्हणून बाबांबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत.

महिपतीबाबा १७१५ सालचे, ताहाराबादचे कुलकर्णी. जहागीरदाराच्या दप्तरात लेखणी चालवायचे. एकदा पूजेला बसले असताना कचेरीतून बोलावणं आलं. पूजा सोडून उठेनात, शिपाई अद्वातद्वा बोलला. पूजा आटोपून बाबा गेले, काम करून दिलं, आणि घरी येऊन लेखणी देवापुढं ठेवली. यापुढं ही लेखणी संतांवाचून दुसऱ्या कोणासाठी चालणार नाही! अशी ती कथा परंपरेनं सांगतात. १७६२ साली भक्तविजय पुरा झाला, सत्तावन्न अध्याय. १७७४ साली भक्तलीलामृत, एकावन्न अध्याय. संतविजय हातात असतानाच अपुरा राहिला, आणि १७९० साली बाबा गेले.

बाबांनी ही चरित्रं मनानं रचली नाहीत. उत्तरेकडच्या नाभाजींचा ग्रंथ पाहिला, आपल्या मुलखातल्या उद्धवचिद्घनांचं पाहिलं, ऐकीव गोष्टी गोळा केल्या. म्हणजे बाबाही जमवणारेच! त्यांनी भक्तविजयात कोणाकोणाला जागा दिली पाहा. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, चोखोबा, जनाबाई, कान्होपात्रा, सेना न्हावी, रोहिदास, सजन कसाई. कबीर आले, शेख महंमद आले. जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, प्रांत विचारला नाही. भक्ती दिसली की नाव पोथीत.

दीडशे वर्षांनी या जमवणाऱ्याला दुसरा जमवणारा भेटला. भक्तलीलामृताचा हिशेब पाहण्यासारखा आहे. तेरा ते चोवीस हे अध्याय एकनाथांच्या पुस्तकात गेले. पंचवीस ते चाळीस तुकोबांच्या पुस्तकात. उरलेले पहिले बारा आणि शेवटचे अकरा एका वेगळ्या पुस्तकात घेतले. एकावन्न अध्यायांपैकी एकही मागं राहिला नाही. रामदासांचं चरित्र संतविजयातून घेतलं. आणि सत्तावन्न अध्यायांचा अख्खा भक्तविजय गोडबोलेपंडितांसोबत इंग्रजीत आणला. पारायणाला बसलेला माणूस जसा अध्याय गाळत नाही, तसं यांनीही गाळलं नाही.

आता महत्त्वाचं. हा माणूस ख्रिस्ती पाद्री. त्याला आपल्या चमत्कारांच्या कथा पटत असतील का? देवानं नाथांच्या घरी पाणी भरलं, गाथा इंद्रायणीत तरली, नामयाच्या हातून देव जेवला. पटो न पटो, भाषांतर करताना त्यांनी मधे तोंड घातलं नाही. महिपतीबाबांनी जसं सांगितलं तसं सांगितलं. हे खोटं, ते अंधश्रद्धा, असा शेरा मारत बसले नाहीत. कमी केलं नाही, पदरचं घातलं नाही. वाचणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं.

हे सोपं नाही, माउली. आपण आपल्याच शेजारच्या फडाची गोष्ट सांगताना दोन शब्द खाली-वर करतो. मग परक्या धर्माची गोष्ट सांगताना जीभ किती आवरावी लागत असेल!

शेवट

१९३२ सालच्या जून महिन्यात, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, समिट गावी ॲबटसाहेबांनी देह ठेवला. भक्तविजय छापून आलेला त्यांना पाहायला मिळाला नाही. त्याचे दोन भाग १९३३ आणि १९३४ साली निघाले. भक्तलीलामृताचे उरलेले अध्याय १९३५ साली आले. त्यांचे मागचे सहकारी पाद्री जे. एफ. एडवर्ड्स आणि गोडबोलेपंडित यांनी हे काम तडीस नेलं. पुढं १९४१ साली एडवर्ड्स यांनी ज्ञानोबा माउलींवरचं पुस्तक लिहिलं, आणि ही बारा पुस्तकांची माळ पुरी झाली.

महिपतीबाबांचा संतविजय अपुरा राहिला, ॲबटसाहेबांचंही काम अपुरं राहिलं. फरक एवढाच, की यांच्यामागं पुरं करणारे होते.

त्या प्रश्नाचं उत्तर

आता सुरुवातीचा प्रश्न. पाद्र्याचं चरित्र आपल्या स्मरणिकेत कशाला?

मी काही लपवून ठेवत नाही. ॲबटसाहेब या देशात आले ते त्यांच्या धर्माच्या प्रचाराला आले. मुंबईत तीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. त्या काळी मिशनऱ्यांनी आपल्या देवांबद्दल जे बोललं-लिहिलं, त्यातलं पुष्कळ आपल्याला लागणारं होतं. मिशनमुळं घरं दुभंगली, भाऊ भावाला मुकला, असंही झालं. हे विसरा असं मी म्हणणार नाही. आणि ॲबटसाहेब मनातून वारकरी झाले होते, अशी खोटी गोष्टही मी रचणार नाही. ते शेवटपर्यंत आपल्या धर्मातच राहिले.

उलट मला त्यातच गोम दिसते. आपल्या माणसानं आपल्या संतांची पोथी सांभाळली तर त्यात कर्तव्य असतं, पुण्य असतं, घराण्याचा मान असतो. या माणसाला यातलं काहीच मिळायचं नव्हतं. पुण्याचा हिशेब त्याच्या धर्मात वेगळा. मराठी लोक त्याचा उदो उदो करणार नव्हते, आणि आपल्या लोकांत काही जण विचारत असतील की हा पाद्री असून विठोबाच्या गोष्टी का लिहितो. तरीही बहात्तराव्या वर्षापासून मरेपर्यंत तो लिहीत राहिला. कशासाठी? मला एकच उत्तर सुचतं. संतांच्या शब्दांनी त्याला धरून ठेवलं. नगरच्या पेठेत लहानपणी कानावर पडलेली ती भाषा त्याच्यातून गेली नाही.

जो महिपतीबाबा शेख महंमदांना आणि कबीरांना भक्तविजयात घेतो, त्याच्या पोथीचा असा वाचक आपण दाराबाहेर उभा ठेवायचा का? तुम्हीच सांगा.

आणि आपण?

आता शेवटचं, आणि थोडं कडू. रागावू नका.

आमच्या घरी आजोबांची बाडं होती. आमचे आजोबा दिंडीबरोबर चालायचे. वाटेत ज्या बुवाची चाल आवडली, जो अभंग नवा वाटला, तो मुक्कामाला कंदिलाच्या उजेडात वहीत उतरवून घ्यायचे. काही वह्या बालबोध, काही मोडीत. गौळणी, भारुडं, काकड्याचे अभंग, कुठल्या गावी कोणाच्या वाड्यात मुक्काम, कोणी पिठलं-भाकरी घातली, तेसुद्धा. आजोबा गेले. मोडी कोणाला वाचता येईना. वह्यांना वाळवी लागली होती. घरातल्या मोठ्या माणसांनी ठरवलं, पोथी केरात टाकायची नसते, गंगेला सोडू. अस्थींबरोबर बाडंही गोदावरीत गेली. मी तेव्हा पोरगा होतो, मीच ते बोचकं पाण्यात सोडलं. सगळ्यांनी हात जोडले. श्रद्धेनंच केलं, कोणाला दोष देत नाही. पण आज ही स्मरणिका काढताना पहिल्या मुक्कामांची नावं शोधत आम्ही दारोदार फिरलो, तेव्हा ते बोचकं मला आठवलं. तुकोबांची गाथा इंद्रायणीनं परत दिली. आमच्या आजोबांची वही गोदावरी परत देणार नाही. तेवढी आमची पुण्याई नाही.

एका परक्या माणसानं आपल्या पोथ्या जिवापाड जपल्या, आणि आम्ही घरच्यांनी हात जोडून पाण्यात सोडल्या. हे चरित्र लिहायला घेतलं ते यासाठी.

म्हणून हात जोडून विनंती आहे. बिबीत, किनगाव जट्टूत, दुसरबीडला, लोणार-मेहकरकडं, जिथं जिथं आपल्या दिंडीची माणसं आहेत, तिथं माळ्यावर, देवळीत, जुन्या पेटीत अशी बाडं अजून असतील. ती पाण्यात सोडू नका. वाळवी लागलेली असली तरी टाकू नका. सावलीत वारा लागू द्या, कडुलिंबाचा वाळला पाला ठेवा, स्वच्छ सुती कापडात बांधा. पोराच्या हातात मोबाईल आहे, त्याला सांगा, एकेका पानाचा फोटो काढ. कोणाची वही, कोणत्या गावची, कोणत्या सालची, तेवढं कागदावर लिहून ठेवा. मोडी असेल तर वाचणारा माणूस शोधू, जिल्ह्यात नसेल तर बाहेरून आणू. आणि ज्या म्हाताऱ्या माउल्यांना जुन्या ओव्या, जुन्या चाली पाठ आहेत, त्यांच्याजवळ बसून त्या भरून घ्या. त्यांची वही त्यांच्या गळ्यात आहे. ती गेली की फोटोही काढता यायचा नाही.

पुढल्या वारीला निघण्याआधी प्रत्येक घरानं एक वही जरी पुढं आणली, तरी दिंडीच्या दुसऱ्या शंभर वर्षांची सुरुवात चांगली झाली म्हणायची. पंढरीला पोचल्यावर नामदेव पायरीवर डोकं टेकताना महिपतीबाबांची आठवण काढू. आणि जमलं तर समिट गावच्या त्या म्हाताऱ्याचीही. तो पंढरीच्या वाटेवर आपल्याबरोबर चालला नाही, पण पंढरीची वाट त्यानं पुष्कळांना दाखवली.

राम कृष्ण हरी.